मेणाच्या माणसांवरचा राग

पॅरिसमध्ये १२ जुलै १७८९ रोजी रस्त्यावर उतरलेल्या जमावाला मिरवायला दोन माणसं हवी होती. एक अर्थमंत्री नेकर, ज्यांना राजाने आदल्याच दिवशी बडतर्फ केलं होतं. दुसरा लोकांना आपला वाटणारा ओर्लेयाँचा ड्यूक. दोघंही हाताशी नव्हते. मग जमाव फिलिप कुर्टियस यांच्या मेणपुतळ्यांच्या प्रदर्शनावर गेला आणि दोघांचे अर्धपुतळे काळ्या कापडाने झाकून रस्तोरस्ती मिरवू लागला. राजाच्या घोडदळाने त्या मिरवणुकीवर हल्ला केला. बास्तीय तुरुंगाचा पाडाव झाला तो यानंतर दोन दिवसांनी.

या कुर्टियस यांच्या हाताखाली तयार झालेली मारी म्हणजेच मादाम तुसाद. लंडनच्या मॅरिलेबोन रोडवरचं तिच्या नावाचं संग्रहालय हे आज सहलीच्या यादीतलं एक ठिकाण आहे, आणि गंभीर मंडळी तिकडे सहसा नाक मुरडतात. मेणाच्या नटनट्यांबरोबर फोटो काढण्यात कसली आली संस्कृती? या आक्षेपात तथ्य आहे, पण तो अपुरा आहे.

मारी १८०२ साली इंग्लंडमध्ये आली तेव्हा छायाचित्रण नव्हतं. फ्रेंच क्रांतीचा नेता रोबेस्पिएर कसा दिसत होता, हे इंग्रज माणसाने चित्रांत आणि व्यंगचित्रांत पाहिलं असेल तेवढंच. गावोगाव फिरणारं तिचं प्रदर्शन म्हणजे त्या काळचं वृत्तपत्रच होतं, आणि खुनी व गिलोटिनखाली गेलेल्यांच्या वेगळ्या दालनासाठी जादा पैसे मोजावे लागत. क्रांतीत कापलेल्या मुंडक्यांवरून आपल्याला मुखवटे घ्यावे लागले, असं तिने १८३८ च्या आठवणींत सांगितलं. इतिहासकारांना त्यातल्या बऱ्याच भागाची शंका आहे. तिकिटं विकणाऱ्या बाईला ही कहाणी किती सोयीची होती, हे पाहता ती शंका रास्तच म्हणायची.

कॅमेरा आल्यावर हा धंदा बसायला हवा होता. तसं झालं नाही. उलट १८८४ साली, छायाचित्रं सर्रास झाली असताना, संग्रहालय बेकर स्ट्रीटवरून आताच्या मोठ्या जागेत गेलं. छायाचित्रात चेहरा मिळतो, पण माणूस केवढा आहे ते कळत नाही. इथे शिल्पकार शेकडो मापं घेतात, डोक्यावरचा केस न् केस वेगळा रोवतात, आणि मेण आकसतं म्हणून मूळ घडण किंचित मोठी ठेवतात. अमिताभ बच्चन यांचा पुतळा २००० साली उभा राहिला, सचिन तेंडुलकरचा २००९ साली, माधुरी दीक्षितचा २०१२ साली. ज्यांचा चेहरा घराघरांत पाठ आहे, त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभं राहता येतं, याचंच ते तिकीट असतं.

पण जवळ जाता येतं म्हणजे हातही उगारता येतो. लंडनमधल्या हिटलरच्या पुतळ्यावर १९३३ सालीच लाल रंग ओतला गेला. तुसादचं बर्लिनमधलं संग्रहालय २००८ साली उघडलं, त्याच दिवशी एका माणसाने हिटलरचं डोकं उपटलं. कधी संग्रहालयं स्वतःच पुतळे हलवतात. पॅरिसच्या ग्रेव्हाँ या मेणपुतळ्यांच्या संग्रहालयाने युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, मार्च २०२२ मध्ये पुतिन यांना दालनातून हलवलं. राजपुत्र हॅरी आणि त्यांची पत्नी मेगन यांनी २०२० मध्ये ब्रिटिश राजघराण्याच्या कामकाजातून बाजूला होण्याचं जाहीर केलं, तेव्हा लंडनमध्ये त्यांचे पुतळेही लगोलग राजघराण्याच्या ओळीतून दूर नेले गेले. निव्वळ करमणूक म्हणवणारी संस्था असे निर्णय घेते, तेव्हा ती राजकारणच करत असते, आणि ते तिला चांगलं कळतं.

महाराष्ट्रात याचं नवल वाटू नये. चौकातली ‘जोडे मारो’ आंदोलनं इथे नवी नाहीत. फरक एवढाच की आपल्याकडचा आंदोलनातला पुतळा गवताचिंध्यांचा, जाळण्यासाठीच बांधलेला असतो आणि हाराचा पुतळा वेगळा असतो. मेणाचा पुतळा महिनोन् महिने खपून, बहुतेकदा गौरवासाठी घडवलेला असतो, आणि वेळ आली की रागही त्याच्यावरच निघतो.

जून २०२५ मध्ये ग्रीनपीसच्या कार्यकर्त्यांनी ग्रेव्हाँमधून अध्यक्ष माक्राँ यांचा पुतळा पळवला आणि रशियन वकिलातीसमोर उभा केला. फ्रान्स रशियाशी अजून व्यापार करतो, हा त्यांचा आक्षेप होता. माक्राँ यांचं चित्र छापलेला फलक घेऊन तेच कार्यकर्ते तिथे उभे राहिले असते, तर जगभरच्या वर्तमानपत्रांनी दखल घेतली असती का, हा प्रश्नच आहे.