अहाबाचा शिक्का

शास्त्रभाग : १ राजे २१:१-१९



अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता, तो भाजीपाल्याच्या बागेसाठी. मूळ इब्री भाषेत येथे जे दोन शब्द आहेत, तेच अनुवाद ११:१० मध्ये मिसर देशाच्या संदर्भात येतात. तेथे भाजीच्या मळ्याला कष्टाने पाणी द्यावे लागे. वचनदत्त देश मात्र आकाशातून पडणाऱ्या पावसावर जगणारा होता. पिढ्यान्‌पिढ्या मूळ धरलेली वेल उपटून राजाला वाड्यालगत एक लहानसा मिसर वसवायचा होता! मोबदला त्याने चांगला देऊ केला होता, हेही विसरू नये. तरी नाबोथाने नकार दिला. त्याने उच्चारलेल्या 'नहला' या शब्दासाठी मराठीत आपण 'वतन' म्हणतो, आणि तो शब्द चपखल आहे. भूमी परमेश्वराची असल्यामुळे ती कायमची विकता येत नाही, हे लेवीय २५ मधील नियमशास्त्र नाबोथ जाणत होता.

पुढे ईजबेलने पत्रे लिहिली. ती तिने स्वतःच्या नावाने धाडली नाहीत. नाव अहाबाचे आणि शिक्काही त्याचाच. शिवाय नगरात उपास जाहीर करण्याची आज्ञा दिली. अन्यायाला तिने धार्मिकतेचे वस्त्र नेसवले.

केरळमधील पालक्काड जिल्ह्यात प्लाचिमडा नावाचे गाव आहे. तेथे २००० साली कोका-कोला कंपनीचा कारखाना सुरू झाला. आपल्या विहिरी खालावल्या, पाणी पिण्याजोगे राहिले नाही, अशी तेथील आदिवासींची तक्रार होती. कंपनीने ती मान्य केली नाही. कारखान्यातील गाळ शेतकऱ्यांना खत म्हणून दिला जात असे. त्यात कॅडमियम व शिसे आढळल्याचे २००३ मध्ये बीबीसीने उघड केले. एप्रिल २००२ पासून मयिलम्मा नावाच्या एका आदिवासी विधवेच्या पुढाकाराने गावकरी कारखान्याच्या दाराशी ठाण मांडून बसले. पेरुमाट्टी ग्रामपंचायतीने परवान्याचे नूतनीकरण नाकारले आणि मार्च २००४ मध्ये उत्पादन थांबले. पुढे राज्य शासनाच्या समितीने २१६ कोटी रुपयांच्या नुकसानीचा अंदाज दिला. भरपाईसाठी विधानसभेने २०११ मध्ये संमत केलेल्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मात्र मिळाली नाही. मयिलम्मा २००७ मध्येच वारल्या होत्या.

त्याच वर्षांत त्या पेयाच्या जाहिरातीतून आमिर खान यांचा चेहरा घरोघरी पोहोचला होता. प्लाचिमडाच्या पाण्याशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध नव्हता. शिक्क्याचे स्वरूपच असे की तो दूर कोठे उमटतो हे शिक्केवाल्याला दिसत नाही. एप्रिल २००६ मध्ये हेच गृहस्थ नर्मदेच्या विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी दिल्लीत उपोषणस्थळी जाऊन बसले. त्याची किंमत त्यांनी मोजली : त्यांचा 'फना' चित्रपट गुजरातेतील बहुतेक चित्रपटगृहांनी दाखविला नाही. पुढे २०१६ मध्ये त्यांनी स्थापिलेल्या पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत वरूड, कोरेगाव व अंबाजोगाई या तालुक्यांतील गावकऱ्यांनी श्रमदानाने चर खणले. नाव तेच, आणि त्या नावाने गावेच्या गावे कुदळी घेऊन माळावर उतरली. प्रसिद्धी हे देवाने दिलेले दान आहे, असे मी मानतो. म्हणूनच ते कोणाच्या हाती सोपवितो, याचा हिशोब मागितला जातो.

एलीयाची भेट अहाबाशी त्या मळ्यातच झाली. अहाबाने पत्रे लिहिली नव्हती, धोंडाही उचलला नव्हता. तरी संदेष्ट्याने खुनाविषयी आणि ताब्याविषयी प्रश्न विचारला तो त्यालाच.

पण मला या अध्यायात अहाबापेक्षा अधिक अस्वस्थ करतात ते नाबोथाच्या नगरातील वडीलजन. आपल्या मंडळ्यांतही वडीलजन असतात. मंडपावर कोणा उद्योगाचे नाव झळकते, इमारतीच्या कोनशिलेवर कोणा नामवंताचे. त्या उद्योगाचे सांडपाणी कोणत्या ओढ्याला मिळते, त्या ओढ्याकाठी कोण राहते, हे पास्टोरेट कमिटीच्या बैठकीत कोणी विचारले, तर त्याला कृतघ्न म्हटले जाते. नाबोथाच्या नगरातील वडीलजन त्याला ओळखत असावेत. तो त्यांच्यातलाच होता. त्यांनी पत्र वाचले, उपास ठरविला, दोन साक्षीदार समोर बसविले. नाबोथाने नेमके काय केले आहे, असे एकानेही राजवाड्याला उलट विचारल्याचे शास्त्रात नमूद नाही. पत्रावर शिक्का होता.