परकं कोणाला म्हणायचं?

स्थलांतराच्या कथा वाचताना एक प्रश्न मला नेहमी अडवतो. घर सोडून आलेल्यांचं दुःख कथाकार मन लावून लिहितो. पण ती माणसं ज्यांच्या दारात येऊन राहिली, त्यांचं काय? त्यांचंही काही देणं कथाकाराला लागतं की नाही?

झुंपा लाहिरी यांचं उदाहरण घ्या. आईवडील बंगाली, जन्म लंडनचा, वाढल्या अमेरिकेत. मोठं नाव उच्चारायला अवघड, म्हणून शाळेतल्या बाईंनी घरातलं लाडकं नावच चालवलं, आणि तेच जगभर झालं. ‘द नेमसेक’ ही त्यांची २००३ सालची कादंबरी नावाच्या अशाच पेचावर उभी आहे. परदेशातल्या आपल्या मराठी घरांनाही हा पेच नवा नाही. तिथं परकं कोण, हे निदान स्पष्ट असतं. जो आला, तो.

आमच्या आदिलाबादेत हा हिशेब जुळत नाही. इथली कित्येक मराठी घरं जागची हललीच नाहीत, हलली ती सीमा. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं. १९५६ च्या पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिलं आणि २०१४ साली तेलंगणात आलं. अंगण तेच, चूल तीच. कचेरीतली भाषा तेवढी बदलत गेली. पैनगंगेपलीकडची मावशी परराज्यातली झाली. गंमत अशी की, आमच्या स्टेशनातून गाडी कुठल्याही दिशेला निघू दे, ती आधी महाराष्ट्रातच शिरते! “तुम्ही मूळच्या कुठल्या?” असं कुणी विचारलं की आजी म्हणायची, “इथलीच की. मी कुठं गेले?”

ही कथा लिहायला फार सोपी आहे. सीमेनं पोरकी केलेली मराठी माणसं, तुटलेली सोयरीक, पुसट होत जाणारी भाषा. यातलं काहीच खोटं नाही. पण एवढंच लिहिलं तर ते अर्धं सत्य होतं.

कारण हा मुलूख आधी गोंड आणि कोलाम लोकांचा. पश्चिमेकडून मराठी शेतकरी आले, दक्षिणेकडून तेलुगू आले, मागोमाग आमच्यासारखे व्यापारी आले. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा कागद गोंडांकडे नव्हता. आलेल्यांनी तो करून घेतला. हायमेनडॉर्फ या अभ्यासकानं १९४० च्या दशकात हे सारं नोंदवून ठेवलंय. जल, जंगल, जमीन यांसाठी लढणारे कोमरम भीम १९४० साली जोडेघाटला मारले गेले. अनुसूचित भागातली जमीन बिगर-आदिवासीच्या नावावर होऊ नये, असा कडक नियम यायला १९७० साल उजाडलं. म्हणजे एका कथेत आम्ही हरवलेले आणि दुसऱ्या कथेत आम्हीच बळकावणारे. दोन्ही खरं, आणि एकाच वेळी खरं.

यावर कथाकार म्हणेल, “मी माझ्या घराचं लिहिते. गोंड बाईच्या तोंडून बोलायचा मला काय अधिकार? जमीन घेतली, आता आवाजही घ्यायचा का?” हा आक्षेप वजनदार आहे. न दिलेली वस्तू घेऊ नये, हे आमच्या घरात लहानपणापासून शिकवतात. दुसऱ्याचा आवाज ही तशीच न दिलेली वस्तू.

पण आवाज न घेणं वेगळं आणि माणूस पुसून टाकणं वेगळं. तिच्या मनातलं मला लिहिता येणार नाही. पण ती दारात आली होती, हे तर लिहिता येईल? काट्यावर चढलेला कापूस कुणाच्या शेतातला, वहीत उधारी कुणाच्या नावानं, व्याज किती लावलं, हे सारं आमच्याच घरातलं आहे. ते सांगायला कुणाची परवानगी लागत नाही, धैर्य लागतं. वगळणं हेसुद्धा एक प्रकारचं घेणंच असतं.

म्हणून कुटुंबाच्या कथेला मी एकच कसोटी लावते. आपल्या नातवंडांनी ती वाचून डोळे पुसले, एवढ्यानं भागत नाही. त्या काट्यासमोर उभ्या असलेल्या बाईच्या नातीनं ती वाचली, तर “हो, आम्हीही तिथं होतो” असं तिला म्हणता आलं पाहिजे.