बिनविरोध

गावची निवडणूक बिनविरोध झाली की आपल्याला बरे वाटते. वर्तमानपत्रे कौतुक करतात, पुढारी निधी जाहीर करतात. चार वडीलधाऱ्यांनी देवळात बसून नावे ठरविली म्हणजे गाव शहाणे, असा आपला समज आहे. तो अगदीच खोटा आहे असे मी म्हणणार नाही. ग्रामपंचायतीच्या एका मतापायी सख्ख्या भावांनी धरलेला अबोला मी पाहिला आहे. एका लग्नाच्या दोन पंगती झालेल्याही पाहिल्या आहेत. तरीसुद्धा येत्या निवडणुकीत माझ्या प्रभागात एकच अर्ज यायचा असेल, तर दुसरा माझा असेल, असे मी ठरविले आहे.

आमचे मामा वालूरचे, ऐंशी ओलांडलेले. हे ऐकून ते म्हणाले, "निवडून येणार न्हाईस हे तुला ठावं हाय. मग गाव कशाला फोडायलास?"

प्रश्न नेमका आहे, आणि त्याला थातुरमातुर उत्तर देणे बरे नव्हे.

नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदाचा चक्क लिलाव झाला. बोली २ कोटी ५ लाखांवर थांबली. नंदुरबारच्या खोंडामळीतही असाच प्रकार घडला, आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. वाचकांना नवल वाटेल, पण उमराण्याचा पैसा कोणाच्या खिशात जायचा नव्हता. तो देवळासाठी होता. म्हणूनच हे उदाहरण मला छळते. लाच असती तर निकाल सोपा होता. इथे पैसा देवाचा, संमती गावाची, भांडण नाही. मग बिघडले कुठे? मला वाटते, बिघडले ते विकणाऱ्याच्या मालकीत. गावाच्या कडेला राहणाऱ्या मजूर बाईचे मतही त्या बोलीत धरलेले होते, आणि तिला कोणी विचारले नव्हते. १९४८ पर्यंत निजामाच्या अमलात राहिलेल्या आमच्या मराठवाड्याला हे वेगळे सांगायला नको. सर्वांना सारखे मत ही गोष्ट आमच्याकडे १९५२ च्या निवडणुकीत आली. ती अजून इतकी जुनी झालेली नाही की देवळाच्या पायरीवर ठेवून यावी.

आणखी एक गंमत पाहा. 'वरीलपैकी कोणीही नाही' याला सर्वाधिक मते पडली तर स्थानिक संस्थांत फेरनिवडणूक घ्यावी, असे राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये ठरविले. उत्तम! पण अर्जच एक आला तर मतदानच होत नाही. नापसंतीचे ते बटण पेटीतच राहते. ते लोकांपुढे यायला निदान दुसरा एक वेडा लागतो. सरपंच थेट जनतेने निवडावा असे २०१७ मध्ये ठरले, २०२० मध्ये ते रद्द झाले, २०२२ मध्ये पुन्हा आले. तिन्ही वेळा निर्णय मुंबईत झाला. ज्यांचा सरपंच, त्यांनी तो वर्तमानपत्रात वाचला.

मामांच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मात्र अवघड आहे. मला खुर्ची नको, रीत बदलायची आहे. मग खुर्चीसाठी मत मागणे प्रामाणिकपणाचे आहे काय? अमेरिकेत लॉरेन्स लेसिग नावाचे कायद्याचे प्राध्यापक २०१५ मध्ये अध्यक्षपदासाठी उभे राहिले. निवडणुकीची पद्धत सुधारणारा एक कायदा करीन आणि राजीनामा देईन, असे त्यांचे म्हणणे. पुढे राजीनाम्याची अट त्यांना सोडावी लागली, आणि नोव्हेंबरात उमेदवारीही. मला त्यांच्याविषयी आदर आहे. पण मतदाराच्या जागी बसून पाहिले तर तो नवससायास वाटतो. माझ्या दारातली नाली तुंबली असताना तत्त्वासाठी उभा राहिलेला आणि तत्त्व साधताच घरी जाणारा माणूस मला काय कामाचा? तेव्हा निवडून आलोच, तर पाच वर्षे नालीपाशी उभे राहण्याची तयारी हवी. ती नसेल त्याने अर्ज भरू नये.

एकमत मला नको आहे असे नाही. वालूरची बारव पाहिलेल्यांना मी काय म्हणतो ते कळेल. गोल फिरत खाली उतरणाऱ्या तिच्या पायऱ्या किती काळ गाळात बुजलेल्या होत्या. अलीकडच्या वर्षांत गावकऱ्यांनी तो गाळ उपसला. ते एकमत होते. हातात टोपले घेऊन झालेले. गडचिरोलीच्या मेंढा गावात सर्वसंमतीनेच निर्णय घेतात, पण आधी सगळे बसून बोलतात, आणि एकाचाही विरोध असला तर थांबतात. आपल्याकडे विरोध करणाऱ्याला रात्री घरी जाऊन समजावतात.

मामांना हे सारे सांगितले. त्यांनी तंबाखू मळीत शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग सूचक म्हणून सही कुणाची घेणार?"

तो शोध अजून चालू आहे.