न जाणलेल्या गोष्टीचा शोध

वाचनपाठ : ईयोब २९:११-१७, १ योहान ४:१



आपल्या सुखाच्या दिवसांचे स्मरण करताना ईयोब जे बोलला, त्यातील काही गोष्टी आपण उपदेशांतून वारंवार ऐकल्या आहेत. तो आंधळ्यांचे डोळे झाला, लंगड्यांचे पाय झाला, दरिद्र्यांचा बाप झाला. त्याच ओघात सोळाव्या वचनात तो आणखी एक गोष्ट सांगतो, आणि तिच्यावरून आपली नजर सहज निसटते. जे प्रकरण आपणास ठाऊक नव्हते, त्याचा आपण शोध करीत होतो, असे तो म्हणतो. ‘प्रकरण’ ह्या अर्थी मूळ इब्री भाषेत जो शब्द आहे तो न्यायसभेपुढे आलेल्या वादाचा आहे, आणि ‘शोध करणे’ ह्यासाठी जे क्रियापद आहे ते तळापर्यंत जाऊन पाहण्याचे आहे. एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्राच्या अखेरीस स्तोत्रकर्ता देवाला आपल्या अंतःकरणाची झडती घेण्याची विनंती करतो, तेथेही हेच क्रियापद आले आहे.

ईयोबाच्या दानधर्माची थोरवी आपण मान्य करतो. परंतु कळण्यापूर्वी निवाडा द्यावयाचा नाही, हाही त्याच्या नीतिमत्त्वाचाच भाग होता, हे आपण किती वेळा ध्यानात घेतो? असा शोध न्यायसभेत करावा लागतो, तसा तो कधी कधी स्वतःच्या घरात, मध्यरात्री, हाती मेणबत्ती घेऊनही करावा लागतो. अशा एका घराचा वृत्तान्त आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

इंग्लंडातील लिंकनशायर परगण्यात एपवर्थ नावाचे गाव आहे. तेथील पाळक सॅम्युएल वेस्ली हे जॉन व चार्ल्स वेस्ली ह्यांचे वडील होत. १७०९ साली त्यांचे राहते घर आगीत भस्म झाले. पाच वर्षांच्या जॉनला वरच्या मजल्याच्या खिडकीतून कसेबसे बाहेर काढण्यात आले, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल. त्यानंतर बांधलेले विटांचे पाळकगृह आजही उभे आहे. १७१६ सालच्या डिसेंबर महिन्यात ह्याच घरात आवाज ऐकू येऊ लागले. तिन्ही मुलगे त्या वेळी लंडनला होते. घरी आईवडील, मुली व नोकरमाणसे होती.

प्रथम एका दासीने जेवणघराच्या दाराशी कण्हण्याचा आवाज ऐकला. एखादा मनुष्य शेवटच्या घटका मोजीत असावा, तसा तो होता. सर्वांनी तिची थट्टा केली. पुढे निरनिराळ्या खोल्यांत ठोके ऐकू येऊ लागले. बहुधा तीन-तीन, मध्ये थोडी विश्रांती, पुन्हा तीन. जिन्यावर पावले वाजत. जिन्याखालील बाटल्या फुटल्याचा आवाज होई आणि जाऊन पाहावे तर एकही बाटली फुटलेली नसे. एके रात्री पतिपत्नी उठून खोली-खोली धुंडाळू लागली. ती ज्या खोलीत शिरत तेथे शांतता आणि आवाज दुसऱ्याच खोलीत! घरातील दांडगा कुत्रा पहिल्या दिवशी भुंकला. नंतर मात्र आवाज होण्यापूर्वीच केविलवाणा होऊन माणसांच्या आड दडू लागला. एमिली नावाच्या मुलीने त्या अदृश्य पाहुण्याचे ‘म्हातारा जेफ्री’ असे नावही ठेवून टाकले. मुलांची ही रीतच असते. भीतीला नाव दिले की तिची धार थोडी बोथट होते.

आई सुझाना मात्र नाव ठेवण्याच्या घाईत नव्हती. तिचा पहिला तर्क अगदी साधा होता : उंदीर असावेत. पूर्वी एकदा घरातील असाच उपद्रव शिंग फुंकून घालवण्यात आला होता. म्हणून तिने शिंग मागवून ते घरभर फुंकविले. आवाज थांबला नाही, उलट वाढला. भुताखेतांच्या गोष्टी घरोघर ज्या काळात मानल्या जात, त्या काळातील ही बाई आधी उंदरांचा बंदोबस्त करते, ह्याचे मला फार मोल वाटते.

पतीला मात्र कित्येक दिवस काहीच सांगण्यात आले नव्हते. असा आवाज ज्याला ऐकू येत नाही त्याचेच मरण जवळ आले असते, अशी तेथील लोकांची समजूत होती, आणि सॅम्युएलना तो ऐकू येत नव्हता. तिकडे सुझानाच्या मनात दुसरेच भय : लंडनमधील मुलांपैकी कोणाचे काही बरेवाईट तर झाले नसेल? मुलाचे पत्र हाती पडेपर्यंत तिला चैन नव्हते. पाहा, आवाज एकच. परंतु घरातील प्रत्येक जण त्यात आपल्या मनातील धास्ती ऐकत होता.

अखेर सॅम्युएलनाही ठोके ऐकू आले. कौटुंबिक प्रार्थनेत राजा पहिला जॉर्ज ह्याच्यासाठी विनंती सुरू झाली की ते विशेष जोराने वाजत. पाळक साहेबांस संताप आला. लेकरांना का घाबरवतोस, पुरुष असलेल्या माझ्याकडे माझ्या अभ्यासिकेत ये, असे त्यांनी त्या आवाजाला बजावले. घर सोडून जाण्याचा सल्ला मित्रांनी दिला, तो त्यांनी मानला नाही. सैतानाने आपल्यापुढून पळावे, आपण त्याच्यापुढून पळणार नाही, असे त्यांचे उत्तर होते. धैर्य निःसंशय मोठे. परंतु आवाज सैतानाचाच आहे हे त्यांच्या मनाने केव्हाच ठरवून टाकले होते.

आता त्या रात्रीचा प्रसंग पाहा. शेजारच्या हॅक्सी गावचे पाळक हूल ह्यांना मुद्दाम बोलावून घेतले होते. ठोके मुलींच्या खोलीत, हेटी व तिच्या दोन धाकट्या बहिणी झोपल्या होत्या त्या पलंगाच्या उशालगत पडत होते. मुली झोपेतच घामाघूम होऊन थरथरत होत्या. ते पाहून पित्याचा राग अनावर झाला. त्यांनी पिस्तूल काढले आणि जेथून आवाज येत होता त्या जागेवर ते गोळी झाडणार, एवढ्यात हूल ह्यांनी त्यांचा हात धरला. हा प्रकार पारलौकिक असेल तर गोळीने त्याला काही इजा होणार नाही, हे त्यांनी समजावले.

वाचकहो, हूल ह्यांच्या युक्तिवादाकडे क्षणभर दुर्लक्ष करू या. त्या फळीपलीकडे एखादी खोडकर दासी असती तर? एखादे मूल असते तर? आवाज पलंगातच, म्हणजे त्या मुलींपैकीच कोणाच्या हातून होत असता तर? पित्याच्या मनात लेकरांविषयी प्रेम होते, सैतानाविषयी तिटकारा होता, आणि हातातील पिस्तूल लेकरांच्याच उशाकडे रोखलेले होते. शोध पुरा होण्यापूर्वी निवाडा झाला की शस्त्र कोणावर चालेल ह्याचा नेम नसतो.

ह्याउलट थोरला मुलगा सॅम्युएल ह्याने लंडनहून आईला जे पत्र पाठविले, ते प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. तो वेस्टमिन्स्टर येथील शाळेत शिक्षक होता. त्याने उपहास केला नाही, आणि घाबरून गेला असेही नाही. त्याने प्रश्न विचारले. घरात कोणी नवा नोकर किंवा नवी दासी आली आहे काय? वर पावले वाजत असता माळ्यावर कोणी नव्हते ना? आवाज सर्वांनी एकाच वेळी, एकाच खोलीत असताना ऐकला काय? मांजर, उंदीर, कुत्रा ह्यांपैकी तर कोणी नसेल? आईने ह्यावर मोकळेपणाने उत्तर दिले. होय, चाकर व दासी दोघेही नुकतेच, मार्टिनमासच्या सणापासून, कामावर आले होते. तरी हे त्यांचे कृत्य आहे असे तिला वाटत नव्हते. आपल्याजवळ त्याची कारणे आहेत असे तिने लिहिले. आणि त्यांतील एक असे की, घरात सर्वांहून अधिक तेच दोघे घाबरले होते.

संशय ठेवावयास ह्याहून सोयीची जागा कोणती असणार? नवी माणसे, गरीब माणसे, घरात आपले कोणी नसलेली माणसे. त्यांना काढून टाकले असते तर गावात कोणी जाब विचारला नसता. सुझानाने पुरावा पाहिला आणि जेवढा पुरावा तेवढेच लिहिले. ईयोबाच्या सोळाव्या वचनाचे ह्याहून चांगले भाष्य मला ठाऊक नाही.

१७१७ च्या जानेवारीअखेर आवाज बहुतांशी थांबले. कारण सापडले नाही. जॉन वेस्लींनी १७२० साली घरी जाऊन सर्वांकडे काळजीपूर्वक चौकशी केली, आणि १७८४ साली आपल्या मासिकात हा वृत्तान्त छापला. त्यांचे मत असे की, हे वडिलांच्या एका उतावीळ शपथेचे फळ होते. राजा तिसरा विल्यम ह्याच्यासाठी केलेल्या प्रार्थनेस सुझानाने ‘आमेन’ म्हटले नाही, म्हणून सॅम्युएल पत्नीपासून काही काळ वेगळे राहिले होते. पुढे समेट झाला आणि १७०३ साली जॉनचा जन्म झाला. जॉन ह्यांनी ही हकीकत सांगितली खरी. परंतु सुझानाने त्या भांडणाच्या दिवसांतच लिहिलेली पत्रे विसाव्या शतकात उजेडात आली, आणि त्यांवरून जॉन ह्यांचा तपशील पुरता बरोबर नव्हता असे दिसते. १७९१ साली जोसेफ प्रीस्टली ह्यांनी ह्या कुटुंबाची पत्रे प्रसिद्ध केली आणि सारे खापर नोकरांवर फोडले. नंतरच्या काही लेखकांनी बोट हेटीकडे दाखविले. एकाला सैतान दिसला, दुसऱ्याला नोकर, तिसऱ्याला मुलगी. जी बाई त्या घरात जागी होती, तिने मात्र नोकरांना निर्दोष मानले आणि जे कळले नाही त्याचा दोष कोणाच्याही माथी मारला नाही.

ह्या कुटुंबाशी आपले नाते दूरचे नाही. जॉन वेस्लींच्या चळवळीतून उभे राहिलेले विल्यम टेलर १८७१ साली मुंबईस आले, आणि तेथील मेथॉडिस्ट मंडळीचा पाया त्यांच्या सेवेतून घातला गेला. पण एपवर्थचा प्रश्न केवळ मेथॉडिस्टांचा नव्हे. खेड्यात असो वा परप्रांतातील एखाद्या वसाहतीत असो, रात्री घरात आवाज होतो तेव्हा आपण काय करतो?

दिवसभर तापलेले छपराचे पत्रे रात्री निवताना आकसतात आणि खिळ्यांपाशी टकटक वाजतात. नळ एकदम बंद केला की पाइपातील वाहते पाणी अडते आणि भिंतीत धक्का बसल्यासारखा आवाज होतो. कौलांखाली उदमांजर फिरले तर माणूस चालत असल्याचा भास होतो. गव्हाणी घुबडाचे ओरडणे ज्याने प्रथमच ऐकले त्याचा थरकाप उडणे साहजिक आहे. शिडी लावली, दिवा वर नेला, दोन रात्री जागून वेळ टिपून ठेवली, तर बहुतेक आवाजांचा उगम सापडतो. परंतु शिडीऐवजी भगताकडे धाव घेतली जाते, आणि भगत बहुधा एखादे नाव सांगतो. ते नाव एकाकी विधवेचे असते, नावडत्या सुनेचे असते, जिच्या जमिनीवर कोणाचा तरी डोळा आहे अशा म्हातारीचे असते. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, तो अशाच बायामाणसांचे हाल थांबावेत म्हणून. ख्रिस्ती घरांत भगत येत नसेल; परंतु प्रार्थनेसाठी आलेला कोणी बंधू, कसलीही चौकशी न करता, ह्या घरात अमुकाच्या पापामुळे दुष्टात्मा शिरला आहे असे सांगून जातो, तेव्हा तोही तेच करीत असतो. आत्म्यांची परीक्षा करा असे योहान लिहितो. जो परीक्षेवाचूनच आत्म्याचे नाव सांगतो त्याने ह्या आज्ञेचे काय केले?

ईयोबाच्या मित्रांनी हेच केले होते. ते सात दिवस मूक बसले तोवर त्यांचे वर्तन निर्दोष होते. मग त्यांनी तोंड उघडले आणि दुःखाचे कारण ठरवून दिले : तुझे पाप. जो मनुष्य दुसऱ्यांच्या न कळलेल्या प्रकरणांचा कसून शोध करीत असे, त्याच्या प्रकरणाचा शोध करावयास एकही मित्र तयार नव्हता. बेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वर त्यांच्यावर रागावतो. तेथेही स्वर्गातील सभेत काय घडले हे ईयोबाला सांगण्यात आलेले नाही. त्याची संपत्ती परत येते, कन्यापुत्र होतात, तो वृद्ध व पुऱ्या वयाचा होऊन मरतो, आणि कारण त्याला अखेरपर्यंत ठाऊक होत नाही.

शोध घेण्याने विश्वासास बाधा येते, असे कोणास वाटत असेल तर त्याने लूककृत शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय उघडावा. यरुशलेमात शिष्य एकत्र जमले असता प्रभू अकस्मात मध्ये उभा राहिला, आणि आपण भूत पाहत आहो असे त्यांना वाटले. गालीलाच्या समुद्रावर त्या रात्री त्यांना असेच वाटले होते, आणि तेव्हा ते भीतीने ओरडले होते. ह्या वेळी प्रभूने त्यांना हातपाय दाखविले. चाचपून पाहा, भुताला मांस व हाडे नसतात, असे समजावून सांगितले. तरीही आनंदामुळे त्यांचा विश्वास बसेना. तेव्हा त्याने येथे काही खावयास आहे काय असे विचारले, आणि त्यांनी दिलेला भाजलेल्या माशाचा तुकडा घेऊन तो त्यांच्यादेखत खाल्ला.