विश्वास ठेवला म्हणजे होकार दिला का?

देवास जिल्ह्यातलं हाटपिपल्या हे मध्य प्रदेशचे माजी मुख्यमंत्री कैलाश जोशींचं गाव. ताप-खोकला गावातच निभावतो. दुखणं हाताबाहेर गेलं की माळव्यातल्या बाकी गावांसारखीच इथली माणसंही इंदूर गाठतात. खिसा हलका असेल तर यशवंतराव होळकरांच्या नावाचं सरकारी रुग्णालय, म्हणजे ‘एमवाय’.

२००९ मध्ये इंदूरच्याच एका दलित कुटुंबातल्या बाईला छातीत दुखतं म्हणून सुनेने एमवायला आणलं. एरवी पाच रुपयांची चिठ्ठी काढायची आणि औषध बाहेरून घ्यायचं. या वेळी डॉक्टर म्हणाले, सव्वा लाखाचं परदेशी औषध फुकट मिळेल. घरच्यांना वाचता येत नव्हतं. ही नव्या औषधाची चाचणी आहे हे कुणीच सांगितलं नाही, असं त्यांचं म्हणणं. हृदयाचे ठोके बिघडले, औषध थांबवलं, बाईला घरी पाठवलं. महिनाभराच्या आत ती गेली. औषधानेच गेली असं सिद्ध झालेलं नाही.

पण तिने होकार दिला तो नेमका कशाला?

सुश्रुतसंहितेत याचं मर्म सापडतं. आजारी माणूस आई-बाप, मुलं, भाऊबंद यांच्यावरही शंका घेईल, पण वैद्यावर विश्वास टाकून स्वतःला त्याच्या हाती सोपवतो. म्हणून वैद्याने त्याला पोटच्या पोराप्रमाणे जपावं, असं तिथे सांगितलं आहे. म्हणजे विश्वास रोग्याचा आणि बांधिलकी वैद्याची. चरकाने तर उपचारांचा बाजार मांडणाऱ्याबद्दल म्हटलं, की तो सोन्याची रास सोडून धुळीची रास कवटाळतो.

एमवायमध्ये सात वर्षांत ७३ चाचण्या झाल्या, ३,३०० हून अधिक रुग्णांवर, आणि त्यांत १,८३३ मुलं होती. हे आकडे बाहेर आणले त्याच रुग्णालयातले डॉ. आनंद राय यांनी. चाचण्या घेणाऱ्या डॉक्टरांना कंपन्यांकडून कोट्यवधी रुपये मिळाले होते. २०१२ मध्ये राज्य सरकारने काही डॉक्टरांना प्रत्येकी ५,००० रुपये दंड केला, तोही चाचण्यांची माहिती दिली नाही म्हणून! रुग्णाला काय सांगितलं, हा मुद्दा त्या दंडात नव्हताच.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं आणि ते पोकळ नाही. चाचणीवाचून औषध येणार नाही. आज कुणी रक्तदाबाची गोळी घेतो, तेव्हा कुणा अनोळखी माणसाने आधी पत्करलेल्या धोक्याचं ऋण त्याच्यावर असतंच. मात्र ऋण देणाऱ्याला आपण काहीतरी देतो आहोत हे ठाऊक हवं. न सांगता घेतलेल्याला दान कसं म्हणायचं? माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये, असं कांटने सांगितलं. नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ च्या न्युरेंबर्ग संहितेने स्वेच्छेची संमती हीच पहिली अट घातली. ज्याच्यापुढे ‘हे घे, नाहीतर काहीच नाही’ एवढाच पर्याय आहे, त्याची स्वेच्छा कितपत खरी, हा प्रश्न संहितेनंतरही उरतोच.

अशा चाचण्यांविरुद्ध इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २००५ ते २०१२ या काळात नव्या औषधांच्या चाचण्यांदरम्यान २,६४४ मृत्यू झाले आणि त्यांतले ८० चाचणीमुळे, असं केंद्राने तिथे सांगितलं. बाकीचे आजाराच्या खात्यावर. आधीच आजारी असलेल्याच्या मृत्यूचा हिशेब असा सहज जुळतो, हे सोयीचंच म्हणायचं.

२०१३ मध्ये भरपाईचे नियम आले, संमती घेतानाचं चित्रीकरण आलं. २०१९ मध्ये नवे नियम झाले. चित्रफितीत मान हलताना दिसते. समजलं की नाही, ते दिसत नाही.

तेव्हा घरातल्या कुणाला फुकट परदेशी औषध देऊ केलं, तर आधी विचारा: ही चाचणी आहे का? संमतिपत्र आपल्या भाषेत वाचून घ्या, प्रत मागून घ्या. नको म्हटलं किंवा मधेच बाहेर पडलं, तरी नेहमीचा उपचार मिळण्याचा रुग्णाचा हक्क जात नाही.