सोळा चौकोन

मागच्या वर्षी सुट्टीच्या दिवसांत मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर १६ चौकोन. ज्याच्यावर टिचकी माराल तिथे लाकडावर लाकूड आपटल्यासारखा आवाज. १, ४, ७, ११ आणि १३ हे चौकोन भरले की क्युबाच्या 'सोन' संगीताचा क्लावे तयार होतो: आधी तीन ठोके, मग दोन. तिसरा ठोका एक घर पुढे सरकवला की तोच रुम्बाचा क्लावे, आणि सगळी चाल तोल जाता जाता सावरल्यासारखी होते. एवढ्याशा डेटात एवढं काही मावतं याचं इंजिनिअर म्हणून मला फार कौतुक वाटलं. तिथेच थांबायला हवं होतं.

पण खाली काहीतरी भरदार हवं म्हणून मी नेटवरच्या एका ध्वनिमुद्रणातून बाता ढोलांचा काही सेकंदांचा तुकडा कापून लूप केला. ऑफिसमधल्या एकाला तो इतका आवडला की आमच्या ध्यानधारणेच्या ॲपला पार्श्वसंगीत म्हणून त्याने तोच सुचवला. तेव्हा कुठे मी मूळ पानावरची माहिती वाचली. (न वाचता 'अटी मान्य' करणारी आमची जमात.) मुद्रण एका विधीच्या वेळचं होतं. मी कापलेला तुकडा म्हणजे एलेग्वाला घातलेली साद होती. एलेग्वा हा वाटा उघडणारा आणि अडवणारा ओरिचा, म्हणजे देव. आधी त्याला वंदन, मग बाकीच्यांना.

माझं काही चुकलं होतं का? फाइल फुकट होती. कुणाचं काही कमी झालं नव्हतं.

पहिला बचाव इतिहासानेच पुरवला. क्युबाचं संगीत म्हणजे उसनवारीच. इंग्रजांचा ग्रामीण नाच फ्रान्स आणि स्पेनमार्गे तिथे पोचून कोंत्रादान्सा झाला. १७९१ साली शेजारच्या हैतीत गुलामांनी बंड केलं, तेव्हा पळून आलेल्या फ्रेंच मळेवाल्यांबरोबर त्याचं आणखी एक रूप पूर्व क्युबात आलं. गिटार स्पेनची, ताल आफ्रिकेचे. अशा मिसळणीसाठी फर्नांदो ऑर्तिस या अभ्यासकाने १९४० साली तंबाखू आणि साखरेवरच्या आपल्या पुस्तकात 'ट्रान्सकल्चरेशन' हा शब्दच घडवला. घेणं हे पाप असेल तर क्युबाचं संगीतच उरत नाही.

पण हा बचाव जरा जास्तच गुळगुळीत आहे. उसाच्या मळ्यांसाठी सुमारे ८ लाख आफ्रिकी माणसं जहाजांत कोंबून क्युबात आणली गेली. गुलामी संपली ती थेट १८८६ साली. ढोलांवर निर्बंध होते, म्हणून लोकांनी खारवलेल्या माशांची खोकी बडवली; रुम्बाचं काहोन हे वाद्य असं आलं. हाताशी आलं त्यातून त्यांनी संगीत उभं केलं. माझ्या हाताशी सगळंच होतं, आणि मी सर्चमध्ये जे पहिलं आलं ते उचललं. दोन्हींना 'घेणं' हे एकच क्रियापद लावणं मला आता जड जातं.

ऑर्तिसची गोष्ट इथे पुन्हा उपयोगी पडते. १९०६ सालच्या पुस्तकात त्याने कृष्णवर्णीयांच्या या धर्माकडे गुन्हेशास्त्राच्या चष्म्यातून पाहिलं होतं. तीसेक वर्षांनी त्याच माणसाने हवानात व्याख्यान ठरवलं आणि विधीबाहेर, श्रोत्यांसमोर बाता वाजवून दाखवायची विनंती केली. बाता तीन असतात: ओकोंकोलो, इतोतेले आणि सगळ्यांत मोठा इया. दीक्षाविधी झालेल्या ढोलाच्या आत 'आन्या' नावाची देवता असते, अशी श्रद्धा आहे. असा ढोल व्याख्यानाला नेणं शक्य नव्हतं. म्हणून पाब्लो रोचे आणि त्याच्या साथीदारांनी दीक्षा न दिलेले ढोल वाजवले. तेच आकार, तेच ताल, आत आन्या नाही. ऐकणाऱ्याला फरक कळण्याचं कारण नव्हतं. वाजवणाऱ्यांना तो माहीत होता.

मी देव मानत नाही. माझ्या लेखी दोन्ही ढोल पोकळच. पण पोकळीत काय आहे हा माझा प्रश्न उरलाच नाही. ज्यांच्याकडून एवढं हिरावून घेतलं गेलं, त्यांनी 'हे तुम्हाला, हे आमच्याकडे' अशी रेघ स्वतः ओढली होती, आणि तीही किती उदारपणे. मी त्या रेघेवरून चालत गेलो, कारण ती फाइलमध्ये दिसत नव्हती.

रेघ ओढणारे नेहमीच बरोबर असतात असंही नाही. दीक्षित बाताला परंपरेने बायकांनी हात लावायचा नाही, हे मला मुळीच पटत नाही. हवानातल्या बायकांनी १९९० च्या दशकात दीक्षा नसलेल्या ढोलांवर स्वतःचे गट उभे केले. पण ते भांडण घरातलं आहे. एक फाइल उतरवून घेतली म्हणून मी त्या घरचा होत नाही.

ॲपमध्ये तो तुकडा गेला नाही. सहकाऱ्याला कारण सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अरे, कोणाला कळणार आहे?" प्रश्न बरोबर होता. माझ्या प्रोग्राममध्ये आता एकटा क्लावे वाजतो, जरा उघडाबोडका. मूळ मुद्रण मात्र मी लॅपटॉपवरून अजून पुसलेलं नाही. एखाद्या रात्री लावतो, न कापता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तेही करावं की नाही, यावर माझं अजून ठरत नाही.