वज्रीने घासलेले पाय

पवित्र गुरुवारी संध्याकाळी वसईच्या आमच्या चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. एका वर्षी त्या बारांत माझा नंबर लागला. दुपारी मी न्हाणीघरात बसून वज्रीने टाचा घासल्या, नखं कापली, साबण दोनदा लावला. फादरांनी तांब्यातून पाणी सोडलं तेव्हा धुण्यासारखं काही उरलंच नव्हतं. शेजारच्या गृहस्थांच्या पायांना तर पावडरीचा वास येत होता!

योहानाच्या शुभवर्तमानात, 13व्या अध्यायात, हा प्रसंग आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशू उठले, कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुऊ लागले. हे काम नोकराचं. त्या शिष्यांतला पेत्र अडून बसला, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत म्हणाला. वरकरणी केवढी नम्रता! मग, धुतले नाहीत तर तुझा माझा संबंध नाही, असं ऐकल्यावर तोच पेत्र हात आणि डोकंही धुवा म्हणू लागला. आधी काहीच नको, मग सगळंच हवं. दोन्ही वेळा माप ठरवणारा पेत्रच. पुढे प्रभूंचा विश्वासघात करणारा यहूदाही तिथेच होता. त्याने कुरकूर केल्याची मात्र नोंद नाही.

2013 साली पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात बारा जणांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. त्या वेळचा फोटो पाहताना लक्ष जातं ते वाकलेल्या, 76 वर्षांच्या पोपकडे. माझं हल्ली पाय पुढे करून बसलेल्या पोरांकडे जातं.

‘देवा, कुणाकडून करून घ्यायची वेळ आणू नकोस,’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मीही म्हणायचो. छाती काढून चालणाऱ्याचा गर्व चारचौघांना दिसतो, त्याला कुणीतरी टोकतंही. कुणाकडून काही करून न घेण्याचा हा गर्व मात्र प्रार्थनेतच बसलेला. आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्या आमच्या गटात मी पंधरा वर्षं आहे. कितीकांना उठवलं-बसवलं, त्यांची अंगं पुसली. गेल्या पावसाळ्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गटातला एक तरुण गरम पाण्याची बादली घेऊन दारात उभा राहिला. ‘राहू दे रे, मी करीन,’ मी म्हणालो. वाकता येत नव्हतं, तरी.

बायको आतून म्हणाली, ‘तुम्ही लोकांचे पाय पुसता, तेव्हा त्यांना नसेल का कसंसं होत?’

पाणी निवत चाललं होतं. मी पाय पुढे केला. टाचांना महिनाभर वज्री लागलेली नव्हती.